मुरलेली गाडी

माझ्या नवऱ्याला रेड्याची सगळी माहिती आरतीसारखी तोंडपाठ होती. रेडा म्हणजे जनावर नव्हे, पिकअप. नाव कंपनीनंच ठेवलेलं. चारी चाकांत चार मोटारी, मजल्याखाली बॅटरी, नऊ फुटी हौदा, तीन टनांचं पासिंग आणि गाडीचं स्वतःचं वजन मात्र जुन्या पिकअपच्या निम्मं. चहाला कोणी आलं की कप हातात पडायच्या आत धैर्यशील सुरू. "निम्म्या वजनाची गाडी दुप्पट माल उचलते. सांगा कशी?" पाहुणा बिचारा म्हणायचा, कशी बुवा? की झालं, माझा चहा पार निवून जायचा.

नवऱ्याला मी नावानं हाक मारते यावरून सासूबाईंनी लग्नानंतर सहा महिने अबोला धरला होता. त्या गेल्या आता, पण माझी सवय काही गेली नाही. माझं नाव कोमल. नावावर जाऊ नका, पाटणच्या बाजारात माझ्या तोंडाला लागायला भलेभले कचरतात.

गाडी निम्म्या वजनाची का, हे खरं माहीत होतं ते ऋतुजाला. ऋतुजा माझी धाकटी नणंद, धैर्यशीलची बहीण. चाकणला रेडा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि तीही गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी करणाऱ्या गटात. एका हिवाळ्यात सुट्टीला आली होती, तेव्हा माझ्याबरोबर मटार सोलता सोलता तिनं मला सगळं समजावलं.

"वहिनी, हाड कसं असतं? भरीव नसतं. आत जाळी असते, स्पंजासारखी. जिथं भार पडतो तिथं शरीर हाड भरत जातं आणि जिथं पडत नाही तिथलं काढून घेतं. वर्षभर अंथरुणावर पडलेल्या माणसाचे पाय कसे काटक्या होतात बघ. अंतराळात राहून आलेल्यांचंही तेच. तिथं वजनच नाही, तर मांडीचं हाड विरळ होत जातं."

"मग तुमच्या गाडीला हाडं बसवलीत की काय?"

"तसंच समज. वरून पोलादी नळ्या, आत जाळी आणि जाळीत खारट जेलीसारखा पदार्थ. त्यात धातूचे बारीक कण असतात. नळीवर ताण आला की तिथं जराशी वीज तयार होते आणि ती कणांना ओढून जाळीवर बसवते. जिथं ताण नाही, तिथले कण हळूहळू सुटतात आणि गरज असेल तिकडे जातात. आपण फक्त गाडी चालवायची. जसा माल, जसा रस्ता, तशी ती स्वतःला घडवते."

"म्हणजे गाडीला सवय लागते म्हण की!"

"हो, सवयच. उगाच सगळीकडे पोलाद कशाला वाहायचं? जिथं लागेल तिथंच."

मला कौतुक वाटलं. आमच्या शाळामास्तर सासऱ्यांची ही पोर, आणि पोलादाला हाड बनवते! ते असते तर गावभर सांगत सुटले असते.

पण कंपनीच्या हुशार लोकांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. आपल्याकडे गाडी एका हातात किती दिवस राहते? चार-पाच वर्षांत पहिल्या रेड्यांनी मालक बदलले आणि कराडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात भलताच प्रकार सुरू झाला. नव्या रेड्यापेक्षा जुना महाग! त्यातही खाणीवर राबलेला असला तर विचारूच नका. लोक अशा गाडीला मुरलेली म्हणायला लागले, लोणच्याला म्हणतात तसं. दलाल हौद्याखाली वाकून चासीवर टिचक्या मारायचे. "ऐका आवाज! पाच वर्षं दगड वाहिलाय हिनं. नवी घेतलीत तर एवढी ताकद यायला तुमची पाच वर्षं जातील."

कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं की मालक बदलला की चासी सैल करून घ्यावी. सैल करणं म्हणजे उलटी वीज सोडायची. सगळे कण सुटे होतात. मग गाडी दिवसभर रिकामी उभी ठेवली की ते कारखान्यातल्या मूळ जागी जाऊन बसतात. हे कोण करणार? मुरलेली म्हणून जास्त देऊन आणायची आणि पहिल्याच दिवशी ते मुरणं धुऊन टाकायचं?

धैर्यशीलनं अशीच एक आणली, लांज्याच्या चिरेखाणवाल्याकडून. पाच वर्षं ती जांभ्याचे चिरे भरून कुंभार्ली घाट चढायची आणि कराडला माल टाकून रिकामी उतरायची. आमचं काम उलटं. पाटणहून कांदा-बटाटा भरून घाट उतरायचा, चिपळूणला द्यायचा आणि परत येताना रिकामं, फार तर सुक्या मासळीची चार पोती. हा फरक मला तेव्हा फरक वाटलाच नाही. घाट तोच, वजनही तेवढंच, मग बिघडलं कुठं?

आणखी एक. रेड्याच्या स्प्रिंगांत वजनाचा काटा असतो. तीन टनांच्या वर माल गेला की गाडी सुरूच होत नाही. पण चार दिवसांत आपल्या मेकॅनिकांनी त्यावर तोड काढली. दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या की काटा बधिर. कितीही भरा, गाडीला वाटतं आपण रिकामी आहोत. खाणवाल्यानं ते आधीच करून ठेवलेलं. धैर्यशील केवढा खूश! "बघ कोमल, तीही कटकट वाचली." मीही हसले. सगळेच करतात, आम्ही कोण मोठे लागून गेलो?

गणपतीत ऋतुजा आली. आरती झाली, मोदक झाले आणि ही बया साडीतच गाडीखाली शिरली. "दादाची गाडी बघते जरा," म्हणाली. चासीच्या खोबणीत वायर लावली, मोबाइलवर आकडे बघत बसली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक.

"दादा, ही गाडी माल भरून उतरवू नकोस."

"का गं? काय झालं?"

"हिनं पाच वर्षं भार बघितलाय तो फक्त चढताना. चढताना वजन मागं येतं. मागची चासी भिंतीसारखी झालीय. उतरताना ही रिकामीच असायची, त्यामुळे पुढं भार आलाच नाही कधी. पुढच्या चाकांवरचा भाग चाळणी झालाय, चाळणी! आणि तू भरून उतरतोस. ब्रेक मारलास की सगळं वजन तिथंच येतं."

"चार महिने उतरतोय की. कुठं काय झालं?"

"ती शिकतेय. पुढं कण जमायला लागलेत, पण फार हळू. आधी भरून निघेल की आधी तुटेल, हे मी नाही सांगू शकत. वर्कशॉपला दे, सैल करून घेऊ. एक दिवस रिकामी ठेवली की नव्यासारखी होईल."

"नव्यासारखी?" धैर्यशीलचा आवाज चढला. "मग नवीच घेतली असती ना! अगं, तयार बैल आणलाय मी. त्याचं परत वासरू करू म्हणतेस?"

"बैल नाही रे तो, दादा!"

"तुमचं पोलाद एवढं शहाणं आहे ना? मग शिकू दे की. आणि एवढं भय आहे तर कंपनी का बोलत नाही?"

ती वायर गुंडाळत आत गेली. रात्री भांडी विसळताना तिनं मला सांगितलं. ती साहेबांकडे आधीच जाऊन आली होती. दुसऱ्या एका गाडीचं तिला असंच दिसलं होतं. साहेब म्हणाले, मुरलेल्या गाडीची चर्चा ही आपली फुकटची जाहिरात आहे, तिला गालबोट लावू नका. पुस्तकात सूचना दिलेली आहे, ती पाळणं मालकाचं काम. हे सांगताना तिला रडू फुटलं. मी ओल्या हातानंच तिला जवळ घेतलं.

ती गेल्यावर मी धैर्यशीलशी कडाक्याचं भांडले. दोन दिवस बोलले नाही. त्याला तेवढीच विश्रांती मिळाली असेल. गाडी चालूच राहिली. आणि मी तरी किती ताणणार? रोज संध्याकाळी तो धडधाकट घरी यायचा, हातपाय धुऊन जेवायला बसायचा. हळूहळू माझी भीती मावळली. माणसाचं असंच असतं.

अष्टमीला दुपारी ऋतुजाचा फोन आला.

"वहिनी, उद्या खंडेनवमी. दादाची गाडी उभीच असेल ना दिवसभर?"

"नवमीला चाक हलवलं तर तुझा दादा घर डोक्यावर घेईल. उभीच असते."

"नक्की ना? थोडीसुद्धा हलणार नाही?"

"अगं बाई, किती विचारशील! दसरा उजाडेपर्यंत जागची हलत नाही. तू येतेयस का?"

"नाही, इथंही मशिनं बंद आहेत. पूजेला जाणार मी. गाडीचा फोटो पाठव हं."

बस, एवढंच बोलणं. ती काय करणार आहे, हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर मी तिच्या दादाला सांगेन, ही भीती असणार तिला. आणि सांगितलंच असतं मी.

आता आमच्या इकडची रीत ऐका. माल वाहणारे लोक नवमीला रिकामी गाडी पुजत नाहीत. रिकामी पुजली तर वर्षभर रिकामी फिरते म्हणतात. म्हणून अष्टमीला संध्याकाळी गच्च माल भरायचा. नवमीला भरल्या गाडीची पूजा, आणि दसऱ्याला सकाळी तीच गाडी शीव ओलांडून न्यायची. तेच आमचं सीमोल्लंघन. ऋतुजाला हे ठाऊक नव्हतं. ती शिकायला पुण्याला गेली तेव्हा घरात सायकलीपलीकडे वाहन नव्हतं. नवमीला सासरे शाळेतली घंटा आणि पाटी पुजायचे. कंपनीतली नवमी तिला माहीत होती. मशिनं पुसायची, हार घालायचे, बंद ठेवायची. रिकामी.

फोन ठेवल्यावर तासाभरात हमाल आले आणि त्यांनी हौद्यात कांदा भरायला घेतला. पासिंगच्या कितीतरी वर. सणाचा माल, भाव चांगला. आमचं अंगण रस्त्याकडून घराकडे चढतं. गाडी तोंड घराकडे करून, नाक वर करून उभी केली, म्हणजे पूजा करायला बरं. मागच्या चाकांना दगड लावले.

नवमीला मी पूजा केली. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. ऋतुजाला फोटो पाठवला, तो समोरून काढलेला. हारांनी मढलेलं तोंड दिसत होतं, मागचा कांदा दिसत नव्हता. जेवणं झाल्यावर गाडीतून बारीक गुणगुण ऐकू यायला लागली.

"धैर्यशील, तुझी गाडी घोरतेय बघ."

"खाऊन झोपलीय," तो म्हणाला आणि हसून स्वतः कुशीवर वळला. चार्जिंगला लावली असेल, असं मला वाटलं.

तिकडे चाकणला बंद कारखान्यात ऋतुजा एकटीच बसली होती. प्रत्येक रेडा इंटरनेटवरून कंपनीला जोडलेला असतो, त्यामुळे तिनं तिथूनच उलटी वीज सोडली होती. आधी वजन तपासलं. काटा म्हणत होता, रिकामी. तिनं पुन्हा पुन्हा बघितलं म्हणे. दर वेळी रिकामी. चासीची जाडी लांबून कळत नाही, ती वायर लावूनच कळते. कळायचं ते फक्त वजन, आणि ते खोटं होतं.

आमच्या अंगणात सुटे झालेले कण पुढे-मागे फिरत होते. गाडी रिकामी असती तर मूळ जागी गेले असते. पण वर कांदा होता, नाक वर होतं, सगळा भार मागं. मग ते तिकडेच गेले. पुढं पाच महिन्यांत जे काही जमलं होतं, तेही उठून मागं गेलं.

दसऱ्याला धैर्यशीलनं नवा शर्ट घातला. मी ओवाळलं. चाकांखाली लिंबं ठेवली, ती फुटली. "संध्याकाळी लवकर ये, सोनं द्यायला जायचंय सगळ्यांकडे," मी म्हटलं. "तुझ्यासाठी खरं आणतो," म्हणाला. दरवर्षी हेच म्हणायचा मेला.

तो गेला. अर्ध्या-पाऊण तासानं मी पुऱ्यांची कणीक मळायला घेतली. फोन वाजला. ऋतुजा. आवाज एवढा मोकळा, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"वहिनी, दसऱ्याच्या शुभेच्छा! आणि एक सांगते, रागावू नकोस. काल मी इथून दादाची गाडी सैल केली. आता पुढूनमागून एकदम नवी कोरी आहे. नोकरी गेली तर गेली. काल पहिल्यांदा झोप लागली मला."

"सैल केलीस? तरीच घोरत होती ती! तुझ्या दादाला कळलं तर बघ. आता कसा नेईल गं एवढा कांदा?"

"कुठला कांदा?"

"अष्टमीलाच भरलाय की. नवमीला काय रिकामी गाडी पुजतात?"

मी दोनदा हॅलो म्हटलं.

"वहिनी, काटा रिकामी दाखवत होता."

"तो बधिर आहे. लांज्यापासूनच."

"दादा कुठंय?"

"मघाशीच गेला. पोचला असेल घाटाच्या तोंडाशी."

मग ती किंचाळली. थांबव त्याला, वहिनी, थांबव, काहीही कर, गाडी उतरवू नको म्हणावं! मी तिचा फोन बंद करून धैर्यशीलला लावला. घाटात रेंज नसते. आहे कुठं रेंज? लावत राहिले. कणकेच्या हातानं स्कूटर काढली आणि सुटले. रस्ताभर लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते, मला हात करत होते. मी देवाला वाट्टेल ते कबूल करत होते. गाडी विकू, घाट सोडू, काहीही, फक्त तो चहाच्या टपरीवर थांबलेला असू दे.

टपरीवर तो नव्हता. खाली तिसऱ्या वळणावर वाहनं थांबलेली दिसली. रस्ताभर कांदा. वळणावर त्यानं ब्रेक मारला तेव्हा पुढची दोन्ही चाकं गाडीखालून निघून गेली होती, आणि केबिन मोडून कठड्यापलीकडे दरीत गेली होती. हौदा तेवढा कठड्याला टेकून उभा होता. मागच्या चासीला साधा पोचासुद्धा आला नव्हता.

लोकांनी मला खाली बघू दिलं नाही. मी ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही.

त्यानंतर ऋतुजा स्वतःहून पोलिसांत गेली आणि सगळं सांगितलं. कंपनीनं हात वर केले. म्हणाले, आमच्या इंजिनिअर बाईनं परवानगी न घेता उद्योग केला, मालकानं काटा बधिर ठेवला, पासिंगच्या वर माल भरला. सगळं खरंच होतं, त्यामुळे बोलणार काय? पण तिच्या सांगण्यावरून सरकारनं राज्यातल्या झाडून सगळ्या मुरलेल्या गाड्या थांबवल्या आणि वायरी लावून तपासल्या. कितीतरी चाळणी निघाल्या. कुठली पुढून, कुठली मधून. पेपरात आलं. भेटायला येणारे म्हणायला लागले, वहिनी, धैर्यशीलराव जाता जाता शेकडो घरं वाचवून गेले. मला सांगा, मला त्या शेकडो घरांशी काय करायचंय? माझं एक होतं ते राहिलं नाही. असं तोंडावर म्हटलं की उठून जायचे.

जामीन झाल्यावर ऋतुजा आली. दिवस मावळत होता. ओळखू आली नाही, एवढी सुकली होती. अंगणात, जिथं गाडी उभी असायची तिथंच थांबली, वर आली नाही. मी दारात उभी. मनात तिला शंभर वेळा शिव्या दिल्या होत्या. स्वतःलाही दिल्या होत्या. उभीच असते, असं मीच म्हटलं होतं ना? रिकामी की भरलेली, ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिच्या ताटात कितीदा वाढलंय मी. तिला बघून जवळ ओढावंसं वाटलं आणि तिचा गळा धरावासाही वाटला. दोन्ही एकदमच.

"वहिनी," ती म्हणाली.

"मला एकच सांग," मी म्हटलं. "तू काही केलं नसतंस, तर वाचला असता का तो?"

ही पोर कधी उत्तरासाठी अडली नव्हती. लहानपणापासून सासरे तिचं तेच कौतुक सांगायचे. आता ती मातीकडे बघून बोलली.

"माहीत नाही, वहिनी. गणपतीनंतर महिनाभर तो रोज भरून उतरत होता. पुढं किती जमलं होतं, पुरेसं होतं की नव्हतं, ते मोजायला आता काही राहिलं नाही. मी सैल केली तेव्हा सगळं पुसलं गेलं. तो त्या दिवशी सुखरूप उतरला असता, किंवा त्याच वळणावर... मी रोज गणित मांडते. दोन्हीकडून बरोबर येतं."

"म्हणजे तू त्याला मारलंस की नाही, ते तुला माहीत नाही."

"नाही."

"मग कळेल तेव्हा ये."

तिनं वर बघितलं. "ते कधीच कळणार नाही, वहिनी."

"ऐकलं मी," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.